अमेरिकेतील मेन किनाऱ्यावर शिडाच्या जुन्या जहाजातून चार रात्रींची सफर: साठीनंतर जावे का?

रंकाळाकाठ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही उभयता कोल्हापूरचे. मी ६३ वर्षांचा असून ३१ वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो; पत्नी ५९ वर्षांची आहे. मुलगी आणि जावई बोस्टनला असतात आणि येत्या ऑगस्टमध्ये आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. जावयांनी असे सुचवले आहे की, बोस्टनपासून मोटारीने साडेतीन तासांवर मेन राज्यातील रॉकलंड नावाचे बंदर आहे, तेथून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची शिडाची जहाजे प्रवाशांना घेऊन पेनॉबस्कॉट उपसागरात तीन ते सहा दिवस फिरतात, तर त्यांपैकी एखाद्या स्कूनरवर आपण चौघांनी चार रात्री राहावे. जहाजाच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की, मार्ग आधी ठरलेला नसतो आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना शिडे उभारण्यास हात लावता येतो.

मी आयुष्यभर फळ्यावर बाण काढून खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. परंतु शीड भरल्यावर जहाज कसे चालू लागते, हे एकदाही डोळ्यांनी पाहिलेले नाही. पाण्यावरचा माझा सगळा अनुभव म्हणजे रंकाळ्यातील नौकाविहार आणि मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतचा प्रवास. त्या दहा-पंधरा मिनिटांतही पत्नीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिचे आजोळ रेवदंड्याचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती हकिकत तिने लहानपणी आजीकडून इतक्या वेळा ऐकली आहे की समुद्र म्हटला की तिला प्रथम तेच आठवते.

म्हणून विचारतो. प्रवाशाने खरोखर काम करावे लागते काय? माझा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुर करतो, तो तेथे कितपत आडवा येईल? रात्री स्वच्छतागृहाची काय सोय असते? पत्नी श्रावण पाळते आणि सोमवारी उपवास करते. तिच्या जेवणाचे काय? आणि ज्या जहाजाचे वय दीडशे वर्षे आहे, त्यावर विश्वासाने पाय ठेवावा काय? जे स्वतः जाऊन आले असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. हौस आणि भीती दोन्ही घरात आहेत.

राजारामपुरी सातवी गल्ली

सर, मी आणि माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये अशाच चार रात्रींच्या सफरीला गेलो होतो. मी तेव्हा ५४ वर्षांची होते आणि ताई ६१ वर्षांची. जहाजाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याविषयी एक तक्रारही करायची आहे.

आपण आदल्या संध्याकाळी जहाजावर चढता आणि पहिली रात्र धक्क्यालाच बांधलेल्या जहाजावर काढता. हे फार बरे असते, कारण खोलीत कसे वळायचे, डोके कोठे आपटते, दिवा कोठे आहे, हे सर्व जहाज स्थिर असतानाच समजते. खोली म्हणजे आपल्याकडील रेल्वेच्या प्रथम श्रेणीच्या डब्याहूनही लहान: एकावर एक दोन बिछाने, एक खुंटी, एक लहान वाडगे आणि कपडे बदलताना एकाने बाहेर थांबावे एवढी जागा. मोठी चाकांची बॅग नेऊ नका, मऊ पिशवी न्या. मधली भिंत फळीची असल्यामुळे शेजारच्या खोलीतील घोरणे आपल्याच उशीखालून आल्यासारखे ऐकू येते.

आता गुडघ्याविषयी. खरी अडचण शिडे ओढण्यात नसून खाली उतरण्याच्या लाकडी शिडीत आहे. ती जवळजवळ उभी असते आणि तोंड शिडीकडे ठेवून उलटे उतरावे लागते. दिवसातून आठ-दहा वेळा ती चढ-उतार होतेच. ताईने पहिल्या दिवशी त्या शिडीला मनसोक्त नावे ठेवली आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप एका हातात धरून ती चढून आली. स्वच्छतागृहे सामायिक होती आणि आमच्या जहाजावर ती डेकवर होती, म्हणजे रात्री दोन वाजता स्वेटर चढवून, कपाळावरचा दिवा लावून वर यावे लागे. पहिल्या रात्री मी वैतागले. दुसऱ्या रात्री वर आले तेव्हा आकाश असे काही उघडे होते की परत खाली जायला अर्धा तास लागला.

काम करणे सक्तीचे मुळीच नाही. आमच्याबरोबर एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांनी चार दिवस वाचन आणि झोप याखेरीज काहीही केले नाही आणि कोणीही त्यांना हटकले नाही. पण सर, आपण भूगोलाचे शिक्षक आहात, आपल्याला राहवणार नाही. मोठ्या शिडाच्या वरच्या कडेला एक जाड तिरकी काठी असते. तिचे डोलकाठीला टेकलेले टोक आणि बाहेरचे मोकळे टोक, या दोहोंना वेगवेगळे दोर असतात आणि ते जहाजाच्या डाव्या-उजव्या अंगाला खाली येतात. प्रत्येक दोरावर आठ-दहा माणसे रांगेत उभी राहतात. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या तर काठी आडवी राहून सावकाश वर जाते. एका बाजूने घाई केली की ती तिरपी होऊन अडकते आणि मग खलाशी ओरडून त्या बाजूला थांबवतात. मी जिल्हा परिषदेच्या मैदानावरची रस्सीखेच पाहिलेली, त्यामुळे पहिल्यांदा जीव खाऊन ओढले आणि आमचीच बाजू पुढे गेली म्हणून बोलणी खाल्ली. शेवटची दोन हात उंची सर्वांत जड असते. त्यानंतर “सोडा” म्हटल्यावर हात उघडले तर तळव्यांवर दोराचे पीळ उमटलेले होते. नंतर नांगर वर आला, इंजिनाचा आवाज कोठेच नाही आणि तरी किनारा मागे सरकू लागला. हे मी लिहून सांगू शकत नाही.

या जुन्या जहाजांपैकी काहींत इंजिनच नसते. वारा पडला की जहाजाच्या मागे टांगलेली लहानशी इंजिनाची होडी पाण्यात सोडतात आणि ती नाक टेकवून जहाजाला मागून ढकलते. आपल्याकडे बंद पडलेल्या एस.टी.ला प्रवासी धक्का देतात तसेच. आमच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुके होते आणि वारा नावालाही नव्हता. आम्ही एका बेटाआड नांगर टाकून भोंगा ऐकत बसलो. ज्यांना “आज कोणती तीन ठिकाणे पाहिली” असा हिशेब लागतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये. कप्तान सकाळी आकाश पाहतो, भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतो आणि मग दिशा ठरते. तेथे भरती-ओहोटीत सुमारे तीन मीटरचा फरक पडतो, त्यामुळे संध्याकाळी ज्या खडकाजवळ उतरलो तो सकाळी दिसतच नाही.

काकूंच्या जेवणाविषयी: आरक्षणाच्या अर्जातच “शाकाहारी, मासे आणि अंडीही नकोत” असे स्पष्ट लिहा, कारण तेथे मासे खाणाऱ्यालाही कधीकधी शाकाहारी समजतात. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर होतो. आचारी पहाटे चारच्या सुमारास चूल पेटवतो आणि सहा वाजता वर धुराचा आणि ताज्या पावाचा वास येतो. आमच्या आजीच्या घरची न्हाणीघरातली चूल मला तेथे आठवावी, याचे मला आजही नवल वाटते. एका संध्याकाळी बेटावर उतरवून मोठ्या भांड्यात समुद्रशेवाळाखाली लॉबस्टर शिजवतात. त्या वेळी काकूंना मक्याची कणसे आणि बटाटे मिळतील. मात्र चार दिवस सगळे सौम्य असते, म्हणून शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. आमची चटणी तिसऱ्या दिवशी कप्तानाच्या टेबलावर गेली आणि परत आली नाही.

तक्रार अशी की, तिसऱ्या रात्री पाऊस झाला आणि डेकच्या फळीतून थेट माझ्या पायांवर थेंब पडू लागले. सांगितल्यावर एक ताडपत्रीचा तुकडा आणि “जुनी जहाजे थोडी रडतातच” एवढे उत्तर मिळाले. एवढे पैसे, माणशी बाराशे डॉलरच्या आसपास, मोजल्यावर हे उत्तर मला पटले नाही आणि अजूनही पटलेले नाही.

शाहूपुरीतील वैद्य

मळमळीविषयी आपण थेट विचारले नसले तरी वहिनींच्या भीतीत तीही असावी, म्हणून लिहितो. मी जनरल प्रॅक्टिस करतो.

डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय हालचाल सांगते, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणूनच खाली बिछान्यावर पडून वाचत राहणे सर्वांत वाईट आणि वर येऊन क्षितिजाकडे पाहणे सर्वांत चांगले. गोळी घ्यायची असेल तर जहाज सुटण्यापूर्वी सुमारे तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिन वर्गातील गोळ्या, ज्या आपल्याकडे घाटाच्या प्रवासासाठी सर्रास घेतल्या जातात, त्यांनी झोप फार येते आणि उभ्या शिडीवर पेंगुळलेला साठीचा माणूस मला नको आहे. मेक्लिझिनने तुलनेने कमी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस चालते. परंतु काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने लावू नये. जी गोळी ठरेल ती कोल्हापुरातच एखाद्या सुटीच्या दिवशी घेऊन पाहा, म्हणजे आपल्याला ती कितपत झोपवते हे घरातच कळेल.

गुडघ्यासाठी एकच सूचना. घरात माळ्यावर चढायची शिडी असेल तर आजपासून रोज पाच वेळा, तोंड शिडीकडे ठेवून, उतरण्याचा सराव करा. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाका, चढताना चांगला पाय आधी वर. रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

मूळ मालवण, सध्या कळंबा

गुरुजी, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण कोल्हापूरकर समुद्राविषयी मासळीपलीकडे सहसा विचारत नाहीत. (रागावू नये. माझी सासुरवाडी कोल्हापूरचीच आहे.)

वहिनींना प्रथम हे सांगा की, तो उघडा समुद्र नव्हे. पेनॉबस्कॉट उपसागरात व्हायनलहेवन, नॉर्थ हेवन, आयल्सबरो अशी मोठी बेटे आणि त्यांच्याभोवती असंख्य लहान बेटे आहेत. अटलांटिकची मोठी लाट त्यांच्यावर फुटते. आत पाणी बहुतेक वेळा आपल्या खाडीसारखे असते आणि रात्री जहाज आडोशाला नांगरून ठेवतात. दुसरे असे की, आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा होतो. तेथे नेमके उलटे आहे. मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा हंगाम आणि ऑगस्ट हा त्यातला सर्वांत शांत काळ. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा येतो, तोच आपला फळ्यावरचा खारा वारा. पाणी मात्र ऑगस्टमध्येही १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे पोहण्याची हौस पायाच्या अंगठ्यापुरती ठेवा आणि लोकरीची टोपी विसरू नका.

स्कूनर म्हणजे काय, हेही आपल्याला आवडेल. आपल्या गलबताला परबाणाला, म्हणजे शीड टांगायच्या लांब काठीला, बांधलेले तिरके शीड असे. स्कूनरला दोन किंवा अधिक डोलकाठ्या असतात, दोन असल्यास मागची बहुधा उंच, आणि शिडे डोलकाठीला एका कडेने धरून जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभी असतात. या रचनेमुळे वाऱ्याच्या तोंडावर बरेच चढून जाता येते आणि शिडे डेकवरूनच हाताळता येत असल्याने तीन-चार माणसांत मालाचे जहाज चालते. मेनच्या किनाऱ्यावर चांगले रस्ते होण्यापूर्वी लाकूड, ग्रॅनाइट, विटा, मासे असा सगळा माल यांनीच वाहिला. रॉकलंड तर चुन्यासाठी प्रसिद्ध. भाजलेला चुना घेऊन जाणाऱ्या जहाजात पाणी शिरले की चुना तापून लाकूड पेट घेई आणि त्यावर पाणी ओतणे म्हणजे आग वाढवणे. म्हणून खलाशी सगळ्या फटी चुन्याच्याच गिलाव्याने लिंपून हवा बंद करीत आणि आग विझण्याची वाट पाहत. पुढे ट्रक आणि आगबोटी आल्यावर ही जहाजे सडत पडली. १९३६ मध्ये फ्रँक स्विफ्ट या गृहस्थांनी कॅमडेनहून अशा एका जुन्या स्कूनरवर पाहुणे नेण्यास सुरुवात केली, त्यामुळे त्यांपैकी काही वाचली. ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ ही दोन्ही १८७१ मधली जहाजे आजही प्रवासी नेतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा, यावरून आपण वयाचा अंदाज करावा.

आता राजारामपुरीच्या ताईंच्या गळतीविषयी. लाकडी डेकच्या सांध्यांत कापूस ठासून वर डांबर भरलेले असते. उन्हाने फळी आकसली की सांधा उघडतो. म्हणून रोज सकाळी डेकवर समुद्राचे पाणी ओततात. फळी फुगून सांधा मिटतो आणि मीठ लाकूड टिकवते. ते केवळ धुणे नव्हे.

राजारामपुरी सातवी गल्ली

अगदी खरे! रोज सकाळी सहाला बादल्यांचा आवाज यायचा आणि मी ताईला म्हणायची की यांना स्वच्छतेचे वेड दिसते. कारण समजले, पण ताडपत्रीवरचा राग कायम आहे.

उद्यमनगर वर्कशॉप

गुरुजींच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी नीट हात घातलेला नाही. दीडशे वर्षांच्या जहाजावर विश्वास ठेवावा काय?

माझे आयुष्य यंत्रांच्या दुरुस्तीत गेले आणि माझ्या मते “दीडशे वर्षांचे” हा शब्दच फसवा आहे. अशा जहाजाच्या फळ्या, बरगड्या, डेक, डोलकाठ्या वेळोवेळी बदललेल्या असतात. मूळ लाकूड किती उरले हे सांगणे कठीण. त्यामुळे जहाज कधी बांधले यापेक्षा कोणता भाग कधी बदलला, हे विचारावे. अमेरिकी तटरक्षक दल प्रवासी जहाजांची दरवर्षी तपासणी करते आणि किती माणसे घ्यायची तेही ठरवून देते, ही मोठीच जमेची बाजू आहे. तरीही एक गोष्ट लपवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये रॉकलंडजवळ एका जुन्या स्कूनरची मुख्य डोलकाठी मोडून डेकवर कोसळली. एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला आणि तिघे जखमी झाले. लाकडाला आतून कूज लागलेली होती. वर रंग-वार्निश चकचकीत आणि आत भुसा, हे आम्ही जुन्या वाड्यांच्या तुळयांत नेहमी पाहतो. कूज खाऱ्या पाण्याने नव्हे, तर पावसाचे गोडे पाणी खिळ्याच्या भोकात किंवा लोखंडी पट्ट्याखाली साचून राहते, तेथून सुरू होते.

म्हणून जावईबापूंना आरक्षणापूर्वी दोनच प्रश्न लेखी विचारायला सांगा: डोलकाठ्या कोणत्या साली बसवल्या, आणि त्यांची शेवटची तपासणी कोणी व कोणत्या पद्धतीने केली. हातोडीने ठोकून आवाज ऐकणे ही जुनी पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण उंचावर पट्ट्याखालचे लाकूड पाहिले काय, हे विचारा. जो मालक आनंदाने पानभर उत्तर देतो, त्याच्याकडे जा. “काळजी करू नका” एवढेच लिहितो, त्याला सोडा. आणि वहिनींपासून हे लपवू नका. त्यांची भीती अडाणी नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण मधल्या काळात प्रयोग चालू होते.

वैद्यांच्या सांगण्यावरून मेक्लिझिनची गोळी एका रविवारी दोघांनी घेतली. मला काही झाले नाही. पत्नी दुपारी तासभर झोपली, पण ती रविवारी एरवीही झोपते, त्यामुळे निष्कर्ष काढणे अवघड आहे. माळ्याच्या शिडीवर मात्र ती माझ्यापेक्षा सराईत निघाली. दिवाळीचे डबे गेली ३० वर्षे तीच काढते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

उद्यमनगरकरांचे दोन्ही प्रश्न जावयांनी तीन जहाजांना पाठवले. एकाकडून उत्तर आले नाही, एकाने तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रत तेवढी पाठवली. तिसऱ्याने दोन्ही डोलकाठ्या केव्हा बसवल्या, २०२३ नंतर कोणते लोखंडी पट्टे काढून खालचे लाकूड पाहिले, हे छायाचित्रांसह कळवले. ती छायाचित्रे मी पत्नीला दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि २०२३ च्या अपघाताविषयी सगळे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली की, रामदासच्या वेळी कोणी असे विचारले असते तर.

तिसरे जहाज नक्की केले. शिडीजवळची खोली आणि दोघांनाही खालचे बिछाने मागितले होते. एकच मिळाला आहे, तो गुडघ्याच्या नावाने माझा. सोमवारी संध्याकाळी चढायची सफर स्वस्त होती, परंतु उपवास सोडण्याची वेळ आणि सुरक्षिततेच्या सूचनांची वेळ एकच येत होती, म्हणून मंगळवारी चढणारी घेतली. चटणी दोन डबे नेत आहोत, त्यांतील एक कप्तानासाठी वेगळा.